गाडीचं डावं, माझं डावं



या वेळचा विषय वाचून आपल्यातले काही निवृत्त कपाळाला हात लावतील. कर्नलसाहेबांना या वयात व्हिडिओ गेम सुचतोय, असं म्हणतील. पण जरा थांबा. विषय खेळाचा असला, तरी मुद्दा आपल्याच धंद्यातला आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. ज्या अधिकाऱ्याला रेडिओवरून दुसऱ्याला वाट सांगायची असते, त्याने १९८८ सालचा 'आर. सी. प्रो-ॲम' हा खेळ तासभर तरी खेळावा. आणि खेळून झाला की हातातलं रिमोट खाली ठेवून उठायला शिकावं. पहिली गोष्ट तासाभरात जमते. दुसरी काहींना पूर्ण नोकरीत जमत नाही.

जे आज चाळिशीत आहेत, त्यांना नव्वदच्या दशकातला टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आठवत असेल. कॅसेट चालली नाही की काढायची, फुंकर मारायची, परत घालायची. त्यात 'रोड फायटर' बहुतेक असायचाच. कोनामी कंपनीचा खेळ. रस्ता वरून दिसायचा आणि आपली गाडी कायम स्क्रीनच्या खालून वर पळायची. डावं बटण दाबलं की गाडी डावीकडे, उजवं दाबलं की उजवीकडे. गाडीचं डावं आणि आपलं डावं एकच. डोक्याला काही काम नाही.

'आर. सी. प्रो-ॲम' त्याच काळातला, निन्टेन्डोच्या यंत्रावरचा, पण बनला इंग्लंडमध्ये. लेस्टरशरमधल्या ट्वायक्रॉस नावाच्या खेड्यात 'रेअर' कंपनी होती, टिम आणि ख्रिस स्टॅम्पर या भावांनी काढलेली. संगीत डेव्हिड वाइजचं. अमेरिकेत तो निन्टेन्डोने स्वतः बाजारात आणला. आपल्याकडच्या कॅसेटवाल्याकडे मी तरी तो कधी पाहिला नव्हता. मला तो भेटला थेट २०१६ साली, राजस्थानातल्या एका स्टेशनात. मी तेव्हा मेजर होतो. आमच्या एका कॅप्टनने मेसच्या अँटीरूममध्ये आपला एक्सबॉक्स आणून ठेवला होता. त्याच्याकडे 'रेअर रिप्ले' होता, म्हणजे त्या कंपनीच्या तीस जुन्या खेळांचा २०१५ साली निघालेला संच. बाहेर धुळीचं वादळ, जनरेटरवर चालणारे दोन पंखे, आणि भिंतीवरच्या टीव्हीवर तीस वर्षांपूर्वीची एवढुशी लाल गाडी.

खेळ सोपा आहे. चार गाड्यांची शर्यत. एक तुमची, तीन यंत्राच्या. पहिल्या तिघांत आलात तर पुढच्या ट्रॅकवर जायचं. वाटेत वस्तू पडलेल्या असतात, त्यांच्यावरून गाडी नेली की त्या आपल्या. टायरची पकड वाढते, पिकअप वाढतो, कमाल वेग वाढतो. पुढे मारायला क्षेपणास्त्रं, मागे टाकायला बॉम्ब. रस्त्यावर सांडलेलं तेल, पावसाची डबकी, मध्येच जमिनीतून वर येणाऱ्या भिंती. 'निन्टेन्डो' या नावाची अक्षरं एकेक करून गोळा केली की आणखी वेगवान गाडी मिळते. एका वेळी माणूस एकच खेळू शकतो. चौघांनी मिळून खेळायची सोय १९९२ सालच्या दुसऱ्या भागात आली.

पण मजा या सगळ्यात नाही. मजा आहे ती तुम्ही गाडी कुठून बघता यात.

या गाड्या रेडिओ कंट्रोलच्या आहेत. म्हणजे खेळणाऱ्याने गाडीत बसायचंच नाही. तो बाहेर, थोडा उंचावर, तिरका उभा. ट्रॅक खाली पसरलेला, कडेला छोटा नकाशा. कॅमेरा गाडीबरोबर सरकतो, पण गाडीबरोबर वळत नाही. डावं बटण दाबलं की गाडी वळते ती तिच्या स्वतःच्या डावीकडे. गाडी तुमच्यापासून लांब जात असेल तेव्हा सगळं ठीक. पण ट्रॅक गोल असतो. अर्ध्या वळणानंतर तीच गाडी तुमच्याकडे तोंड करून येऊ लागते, आणि आता तिचं डावं म्हणजे तुमचं उजवं. प्रत्येक फेरीत एकदा जग उलटं होतं आणि एकदा सुलटं. मधल्या तिरक्या वळणांवर ते धड उलटंही नसतं आणि सुलटंही नसतं.

पुढे आलेल्या बहुतेक खेळांनी ही अडचण काढूनच टाकली. १९९९ सालचा 'री-व्होल्ट' आपल्यापैकी अनेकांनी पीसीवर खेळला असेल. त्यातही रेडिओ कंट्रोलच्याच गाड्या, पण कॅमेरा गाडीच्या मागे चिकटलेला. गाडी वळली की जगही वळतं. सुंदर खेळ आहे, पण रिमोट हातात धरून लांब उभं राहण्याचा अनुभव त्यात येत नाही. तो 'प्रो-ॲम'मध्ये येतो.

त्या वादळाच्या आठवड्यात मेसमधले सगळे एकेक करून खेळले. सगळ्यांचा प्रवास सारखाच झाला. पहिली दहा मिनिटं माणूस मनातल्या मनात भाषांतर करतो: गाडी खाली येतेय, म्हणजे उलटं, म्हणजे उजवं. भाषांतर पुरं होईपर्यंत गाडी भिंतीत. मग तो मान वाकडी करायला लागतो. आमचे सेकंड-इन-कमांड तर खुर्चीतच अर्धे वळून बसायचे. आणि साधारण अर्ध्या-पाऊण तासाने एक गंमत होते. भाषांतर थांबतं. हात आपोआप गाडीच्या जागी जाऊन बसतो. डोळे बाहेर, उंचावर. हात मात्र आत, त्या रिकाम्या गाडीच्या स्टिअरिंगवर. एकदा हे जमलं की पुन्हा विसरत नाही. सायकलसारखं.

खडकवासल्याला ज्यांनी एरोमॉडेलिंग क्लब घेतला होता, त्यांना हे नवीन नाही. विमान लांब जातंय तोवर सगळे पायलट. ते वळून आपल्याकडे यायला लागलं की खरी परीक्षा. तिथे शिकवतात ती युक्ती साधी आहे: समोरून येणाऱ्या विमानाचा जो पंख खाली झुकलाय, त्या बाजूला स्टिक ढकल. युक्ती पाठ असूनही पहिलं विमान गवतात जातंच. लाकडाचं असतं, परत चिकटवता येतं.

मी तोफखान्याचा माणूस. त्यामुळे हा खेळ बघताना मला देवळाली आठवणं साहजिक होतं. ज्यांना तोफखान्याची सवय नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तोफा असतात मागे, काही किलोमीटर अंतरावर. लक्ष्य त्यांना दिसत नाही. ते दिसतं पुढे टेकडीवर बसलेल्या ओपी अधिकाऱ्याला. गोळा कुठे पडला ते तो बघतो आणि रेडिओवर सांगतो: राइट २००, ॲड ४००. आता प्रश्न असा की राइट म्हणजे कुणाचं राइट? ओपी लक्ष्याकडे एका बाजूने बघतोय, तोफा दुसऱ्या बाजूने. दोघांच्या नजरेत कधी थोडा कोन असतो, कधी काटकोन. ओपी अगदी पलीकडे असला तर तोफांचं डावं म्हणजे त्याचं उजवं.

ब्रिटिश तोफखान्यात दुसऱ्या महायुद्धापर्यंत हे ओझं निरीक्षकावर होतं. तोफेच्या रेषेवर उभं राहून पाहिल्यासारखी दुरुस्ती त्याने द्यायची, म्हणजे चक्क 'प्रो-ॲम' खेळायचं, आणि तेही गोळे पडत असताना. पुढे पद्धत बदलली. आज ओपी अधिकारी आपली दिशा एकदा कळवतो आणि मग स्वतःला जसं दिसतं तसं बोलतो. त्याचं डावं-उजवं तोफांच्या भाषेत आणायचं काम मागचं कमांड पोस्ट करतं.

हा बदल मला फार शहाणपणाचा वाटतो, आणि त्याचं कारण गणितापलीकडचं आहे. जो माणूस पुढे आहे, ज्याच्यावर शत्रूचं लक्ष आहे, ज्याला एका हाताने दुर्बीण आणि दुसऱ्या हाताने नकाशा सांभाळायचाय, त्याच्या डोक्यावरचं ओझं उचलून ते मागे, तंबूत, टेबलाशी बसलेल्या माणसाच्या डोक्यावर ठेवलं. भाषांतर कुणी करायचं? ज्याच्याकडे वेळ आणि सावली आहे त्याने. हा नियम मी आजवर मानत आलोय. आता जे लिहितोय ते या नियमाबद्दलच आहे.

काही वर्षांपूर्वीचा एक सराव. जागा, फॉर्मेशन काही सांगत नाही, ते महत्त्वाचंही नाही. मी पंच म्हणून एका इन्फंट्री प्लाटूनबरोबर चालत होतो. प्लाटून कमांडर कोवळा लेफ्टनंट, कमिशन मिळून वर्षही झालेलं नव्हतं. वर आकाशात एक ड्रोन घिरट्या घालत होता आणि त्याचं चित्र मागे कंट्रोल रूममधल्या मोठ्या पडद्यावर दिसत होतं. तिथे बसलेल्यांपैकी एका वरिष्ठांनी रेडिओचा हँडसेट स्वतः हातात घेतला. कंपनी कमांडर मध्ये होता, पण त्याला ओलांडून आवाज थेट प्लाटूनपर्यंत आला: समोरच्या झाडीच्या डावीकडून पुढे जा.

आता चित्र डोळ्यांसमोर आणा. प्लाटून चालली होती दक्षिणेकडे. पडद्यावर त्या घटकेला उत्तर वर होती. म्हणजे प्लाटून पडद्याच्या वरून खाली येत होती, बघणाऱ्याकडे तोंड करून. पडद्यावरचं डावं म्हणजे पोराचं उजवं. पोराच्या उजवीकडे खोल नाला होता, आडोसा होता. डावीकडे होतं उघडं मैदान. पडद्यावर बघणाऱ्यांना नालाच हवा होता. त्यांनी स्वतःचं डावं सांगितलं. पोराने स्वतःचं डावं ऐकलं.

तरीही तो थांबला. त्याने कळवलं, की सर, डावीकडे उघडं आहे, उजवीकडे नाला आहे, मी नाल्यातून जाऊ का? उत्तर आलं: मला सगळं दिसतंय, सांगितलं तसं कर.

तो गेला. मैदानाच्या पलीकडे 'शत्रू'ची मशीनगन होती. पंच म्हणून मी नऊ जण बाद केले. नऊ जवान उन्हात हेल्मेट काढून बाजूला बसले, एकाने तंबाखू मळली. सरावच होता तो. पण नऊ म्हणजे नऊ. त्या नवांची घरं कुठे कुठे आहेत ते चालता चालता मी ऐकलं होतं.

संध्याकाळी चर्चा झाली. तिथे एक वाक्य बोललं गेलं, की तरुण अधिकाऱ्याचा दिशेचा गोंधळ झाला. लेफ्टनंट उभा होता, काही बोलला नाही. माझ्या अहवालात मी घडलं ते वेळेसकट लिहिलं, त्याने विचारलेला प्रश्नही लिहिला. पण मला खरा घोर लागला तो पुढच्या दोन दिवसांनी. सराव अजून चालू होता, आणि तो पोरगा प्रत्येक वळणावर थांबून रेडिओवर विचारत होता: आता डावीकडे की उजवीकडे? नाला समोर दिसत असला तरी विचारत होता. एका हँडसेटने एका प्लाटून कमांडरची रेडिओ कंट्रोलची गाडी केली होती.

इथे दोन वेगळ्या चुका आहेत, आणि त्या एकमेकींत मिसळू देऊ नयेत.

पहिली चूक डाव्या-उजव्याची. ती कौशल्याची चूक आहे आणि तिला औषध आहे. ड्रोन फिरत राहतो, त्यामुळे त्याचं चित्रही फिरतं. मघाशी वर असलेली उत्तर पाच मिनिटांनी खाली गेलेली असते. अशा चित्रावरून डावं-उजवं बोलूच नये. उत्तर-दक्षिण बोलावं, खूण बोलावी: विहीर, एकटं झाड, तुटलेली भिंत. आणि डावं-उजवं बोलायचंच असेल, तर ते ऐकणाऱ्याचं. भाषांतर सावलीत बसलेल्याने करायचं, उन्हात चालणाऱ्याने नाही. हे अंगात भिनवायला 'प्रो-ॲम'सारखं दुसरं साधन मला माहीत नाही. व्याख्यानाने हे येत नाही. पन्नास वेळा गाडी भिंतीत घातल्यावर येतं.

दुसरी चूक मोठी आहे, आणि तिथे हा खेळ नेमका उलटा धडा देतो.

'प्रो-ॲम'मधली गाडी रिकामी असते. तिच्यात कुणी नाही. तिला खड्डा दिसत नाही, तेलाचा वास येत नाही, भीती वाटत नाही, तिचं मत नसतं. म्हणून तिला बाहेरून चालवणं योग्यच आहे. १८९८ साली निकोला टेस्लाने न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये रेडिओवर चालणारी छोटी बोट दाखवली, तेव्हापासून या तंत्राचा सगळा अर्थ हाच आहे: जिथे माणूस जायला नको तिथे रिकामं वाहन पाठवा. आपल्या पुण्यातल्या डीआरडीओच्या प्रयोगशाळेने बनवलेला 'दक्ष' हा रोबोट याचं चांगलं उदाहरण. संशयास्पद बॅगेकडे तो जातो, माणूस मागे राहतो. तो फुटला तर यंत्र गेलं. ज्यांनी बॉम्ब डिस्पोजलमध्ये नोकरी केली आहे त्यांना विचारा, रिकाम्या गाडीची किंमत काय असते ते.

पण प्लाटून रिकामी नसते. तिच्यात स्टिअरिंगवर एक माणूस आधीच बसलेला असतो. त्याला नाला दिसतो, मातीचा भुसभुशीतपणा कळतो, मागच्या सेक्शनची दमछाक ऐकू येते. पडद्यावर यातलं काहीच येत नाही. पडदा फक्त वरून दाखवतो. वरून नाला आणि पायवाट सारखीच दिसते.

मी हे आमच्या एका सुभेदार साहेबांना सांगत होतो. साताऱ्याकडचे, आता निवृत्त. त्यांनी खेळ पाहिला होता, एकदा हातातही घेतला होता आणि दोन मिनिटांत परत दिला होता. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "साहेब, गाडीला इचारता येत न्हाई, म्हणून ती आपण चालवायची. पोराला इचारता येतंय की." माझ्या या लेखाचं सार एवढंच आहे. बाकीचे शब्द माझे.

ही नवी अडचणही नाही. व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकी सैन्याकडे हेलिकॉप्टरं भरपूर होती. खाली जंगलात एक कंपनी लढायची, आणि तिच्या डोक्यावर बटालियन कमांडरचं हेलिकॉप्टर, त्याच्या वर ब्रिगेड कमांडरचं, कधी त्याच्याही वर आणखी एखादं. सगळे खालच्या कॅप्टनशी बोलायचे. त्यांच्याकडच्या लढलेल्या लोकांनीच पुढे यावर सडकून टीका केली आहे. तेव्हा त्यासाठी निदान हेलिकॉप्टर तरी लागायचं. आज पडदा आणि हँडसेट पुरतो, आणि चहा हातात असताना ते करता येतं.

आमच्याकडे डिरेक्टिव्ह स्टाइल ऑफ कमांड हा विषय वर्गात शिकवतात, परीक्षेत त्यावर उत्तरं लिहिली जातात. हाताखालच्याला काय साधायचं ते सांगा, कसं साधायचं ते त्याच्यावर सोडा. कागदावर कुणाचाही विरोध नाही. पण समोर जिवंत चित्र चालू असताना हात हँडसेटकडे जातोच. तो मोह मी समजू शकतो. चित्रात आपली माणसं दिसतात, त्यांची काळजी वाटते, आणि काहीतरी करावंसं वाटतं. 'प्रो-ॲम' खेळताना अंगठा बटणावरून उचलून बघा, किती अवघड जातं.

यावर दोन आक्षेप येतील. दोन्ही रास्त आहेत.

पहिला आक्षेप तरुण मंडळींचा. सर, आता एफपीव्हीचा जमाना आहे. डोळ्यांवर गॉगल लावला की ड्रोनला दिसतं तेच आपल्याला दिसतं, डाव्या-उजव्याचा प्रश्नच मिटला. बाहेर उभं राहून गाडी चालवण्याची तुमची कला इतिहासजमा. २०२२ नंतर युक्रेनच्या युद्धात असे ड्रोन किती वापरले गेले ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. मान्य. पण गॉगल घातलेल्याला फक्त समोरचं दिसतं. म्हणून बऱ्याचदा वर दुसरा ड्रोन ठेवतात, संपूर्ण चित्र बघायला. आणि त्या दुसऱ्या ड्रोनचं चित्र बघणारा जेव्हा गॉगलवाल्याला म्हणतो, "डावीकडे बघ," तेव्हा आपण परत तिथेच आलो. कुणाचं डावं?

दुसरा आक्षेप ज्येष्ठांचा. वरून खरोखरच कधी कधी असं दिसतं जे खालच्याला दिसणं शक्य नाही. टेकडीच्या मागे शत्रू दबा धरून आहे, पोरगा त्याच्याकडेच चाललाय, आणि आम्ही तत्त्व म्हणून गप्प बसायचं? मुळीच नाही. तेव्हा तर बोलायलाच हवं, ताबडतोब बोलायला हवं. फक्त जे दिसतंय ते सांगा. "तुझ्या दक्षिणेला टेकडीमागे सात-आठ माणसं आहेत, तीनशे मीटर." एवढं ऐकल्यावर डावीकडून जायचं, उजवीकडून जायचं, की आहे तिथेच आडवं व्हायचं, हे तो ठरवेल. त्याला डोळे द्या. स्टिअरिंग त्याच्याकडेच राहू द्या. आपल्याच गोळीबाराखाली आपली माणसं येत असतील, तर मात्र "थांब" हा एक शब्द कुणीही, कुठूनही बोलावा. तिथे हुद्दा नाही आणि तत्त्वही नाही.

माझ्या हातात जेवढं आहे तेवढं मी करतो. सध्या मी पंजाबात आहे. इथे नव्याने आलेल्या प्रत्येक लेफ्टनंटला मी पहिल्या महिन्यात दोन गोष्टी करायला लावतो. एक, तासभर 'प्रो-ॲम'. त्यासाठी जुनं यंत्र लागत नाही, आणि गंमत म्हणून सगळे खेळतात. मग मैदानात एक जवान उभा करायचा, डोळ्यांवर पट्टी, हातात रेडिओ. लेफ्टनंटने पन्नास मीटरवरून, समोर उभं राहून, त्याला खुर्च्यांमधून वाट काढून द्यायची. पहिल्या पाच मिनिटांत प्रत्येक जण स्वतःचं डावं सांगतो आणि जवान खुर्चीवर आपटतो. जवानांना यात मनापासून आनंद होतो, कारण साहेब चुकताना रोज बघायला मिळत नाही.

दुसरी गोष्ट त्यानंतर लगेच. जवानाच्या डोळ्यांवरची पट्टी काढायची. खुर्च्या त्याच, लेफ्टनंट तिथेच, रेडिओ चालूच. आता काय सांगशील, असं मी विचारतो. काही जण सवयीने परत सुरू करतात, दोन पावलं पुढे, आता उजवीकडे. जवान बिचारा हुकूम पाळतो, डोळे उघडे असूनही खुर्चीपाशी अडखळतो. काही जण मात्र क्षणभर थांबतात आणि म्हणतात, "पलीकडे पोहोच." जवान सहा सेकंदांत पोहोचतो.

कोण काय म्हणतं, ते मी वहीत लिहून ठेवतो. गुण देत नाही. वर्षभराने तोच सराव परत घेतो.

हीच परीक्षा वरच्या हुद्द्यांनाही लागू व्हावी असं माझं स्पष्ट मत आहे. ज्या खोलीत ड्रोनचं चित्र बघितलं जातं, तिथे बसणाऱ्या प्रत्येकाने, हुद्दा कुठलाही असो, आधी एकदा त्या खुर्च्यांमधून कुणालातरी चालवून दाखवावं. पट्टी बांधलेला आणि पट्टी काढलेला, दोन्ही. यात कमीपणा काही नाही. फायरिंग रेंजवर जनरलसुद्धा पोटावर झोपूनच नेम धरतात.

निवृत्त मंडळींना एक विनंती. तुमच्या काळात पडदे नव्हते, पण हँडसेट होते, आणि हँडसेटवर न राहवून बोलणारे साहेबही होते. न बोलणारेही होते. माझ्या नोकरीत मला दोन्ही प्रकार भेटले, पण मी ज्यांच्यासाठी आजही उठून उभा राहतो ते सगळे दुसऱ्या प्रकारातले. तुम्हाला भेटलेल्या अशा एखाद्या साहेबाबद्दल, नाव न घेता, जरूर लिहून पाठवा. पोरांना वाचून दाखवीन.

जय हिंद.